तज्ज्ञाचा परिचय कसा वाचावा

अर्थसंकल्प सादर झाला की पुढचा आठवडाभर वर्तमानपत्रांत, वाहिन्यांवर आणि गावोगावच्या व्याख्यानमालांत अर्थतज्ज्ञांची मते ऐकायला मिळतात. नावाखाली एक ओळ असते: ‘ज्येष्ठ अर्थतज्ज्ञ’, ‘धोरण अभ्यासक’, ‘आर्थिक विश्लेषक’. बहुतेक वाचक ती ओळ ओलांडून थेट मताकडे जातात. तिथे थांबावे, असे मला आग्रहाने सांगायचे आहे. वकिली करायची तर सनद लागते, दवाखाना चालवायचा तर वैद्यक परिषदेची नोंदणी लागते, कंपनीच्या लेखापरीक्षणावर सही करायची तर चार्टर्ड अकाउंटंटांच्या संस्थेचे सदस्यत्व लागते. अर्थतज्ज्ञ म्हणवून घ्यायला यांतले काहीच लागत नाही. त्यांची नोंदवही कुठे ठेवलेली नाही, आणि चुकीचा सल्ला दिला म्हणून नाव कमी करणारी परिषदही नाही. तरीही या मंडळींच्या शब्दावर लोक कर्ज काढायचे की नाही, कांदा चाळीत ठेवायचा की विकायचा, ठेव कुठे ठेवायची, मत कोणाला द्यायचे हे ठरवतात. पारख करण्याचे काम त्यामुळे वाचकाच्याच अंगावर येते. ते करता येण्यासारखे आहे. मात्र परिचयाकडून काय अपेक्षा ठेवायची, हे आधी ठरले पाहिजे. तज्ज्ञ बरोबर आहे की चूक, हे परिचय सांगत नाही. या माणसाला कोणत्या प्रकारच्या प्रश्नाचा सराव आहे, कोणती आकडेवारी त्याच्या हाताखालून गेली आहे आणि त्याच्या कामाच्या पद्धतीत कोणती बाजू सुटण्याचा संभव आहे, एवढे तो सांगतो. तेवढे समजले तरी पुढचा प्रश्न नेमका विचारता येतो.

पहिली अडचण पदवीच्या मोहाची. आपल्याकडे परिचय वाचताना नजर आधी परदेशी विद्यापीठाच्या नावावर जाते. पदवी महत्त्वाची आहेच, पण ती माणसाच्या पंचविशीतली हकीकत सांगते; पुढची तीस वर्षे तो कशाचा हिशेब करत होता, ते व्यवसायावरून कळते. महाराष्ट्राने देशाच्या आर्थिक विचारात घातलेली भर पाहिली तर ती एका पेशातून आलेली नाही. न्यायमूर्ती रानडे न्यायखात्यात होते. गोपाळ कृष्ण गोखले फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत, आणि १८९७ मध्ये इंग्लंडला जाऊन त्यांनी वेल्बी आयोगापुढे भारताच्या खर्चाबद्दल साक्ष दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर सिडनहॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते, बॅरिस्टरही झाले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला आणि प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा कोलंबियातला. चिंतामणराव देशमुख आयसीएस अधिकारी, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर अर्थमंत्री. धनंजयराव गाडगीळ पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक, त्याच वेळी प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीने गुंतलेले, आणि १९६७ नंतर नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. यांपैकी प्रत्येकाला ‘अर्थतज्ज्ञ’ म्हटले तर ते खरेच ठरेल, पण त्यातून काहीच कळणार नाही. सहकारी कारखान्याच्या भांडवलाबद्दल गाडगीळांचे मत आणि चलनाच्या प्रमाणाबद्दल आंबेडकरांचे मत यांना वजन का आहे, हे त्यांच्या कामातून कळते.

पेशाचा परिणाम आकड्यापर्यंत कसा पोचतो, हे गरिबीच्या मोजमापात फार स्पष्ट दिसते. वि. म. दांडेकर संख्याशास्त्राच्या मुशीतून आलेले. त्यांनी आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांच्यापुढे राष्ट्रीय नमुना पाहणीचे कुटुंब खर्चाचे तक्ते होते. माणसाला दिवसाला २,२५० उष्मांक मिळतील एवढे अन्न जे कुटुंब प्रत्यक्षात खाते, ते महिन्याला माणशी किती खर्च करते, असा प्रश्न त्यांनी त्या तक्त्यांना विचारला. उत्तर आले: १९६०-६१ च्या किमतींनुसार खेड्यात १५ रुपये आणि शहरात साडेबावीस. देशाला हाताळता येईल असा गरिबीचा आकडा मिळाला, हे त्या तालमीचे श्रेय. पण ज्या गोष्टी उष्मांकांच्या रकान्यात येत नाहीत, म्हणजे मुलाची फी, आजारपणाचे बिल, त्यांना या मोजणीत स्वतंत्र स्थान नव्हते. पुढे दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे सुरेश तेंडुलकर यांच्या समितीने २००९ मध्ये उष्मांकांचा आधार सोडून शिक्षण आणि आरोग्यावरचा खर्च हिशेबात घेतला, तेव्हा २००४-०५ या एकाच वर्षातली गरिबी २७.५ टक्क्यांवरून ३७.२ टक्के झाली. त्यानंतर रिझर्व्ह बँकेचे माजी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या समितीने २०१४ मध्ये पुन्हा पद्धत बदलली. २०११-१२ साठी तेंडुलकर पद्धतीने २१.९ टक्के येणारी गरिबी त्यांच्या हिशेबाने २९.५ टक्के ठरली. देश तोच, वर्ष तेच, आणि समित्यांवरची माणसे सगळीच मान्यवर. ‘कोण मोठा’ असे विचारत बसणारा वाचक इथे गोंधळून जातो. ‘याने काय मोजले आणि काय मोजले नाही’ असे विचारणारा गोंधळत नाही, कारण त्याला हे सगळे आकडे एकाच वेळी समजू शकतात.

दांडेकर-रथ मोजणी करत होते, त्याच काळात महाराष्ट्रात दुसरे एक काम चालले होते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमीचा प्रयोग सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात आधी झाला, मग राज्यभर योजना आली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पागे अर्थशास्त्राचे संशोधक नव्हते. गरीब किती आहेत, या प्रश्नाला दांडेकर-रथ यांच्यासारखे उत्तर त्यांनी देणे शक्य नव्हते. पण काम मागणाऱ्याला ते तहसीलदाराने कसे द्यायचे, मजुरी कोणत्या मापाने द्यायची, काम मिळाले नाही तर सरकार कशाला बांधील राहील, हे प्रश्न विधिमंडळात आणि प्रशासनाच्या जवळ वावरणाऱ्याला सुचतात. २००५ चा देशव्यापी रोजगार हमी कायदा घडवताना महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता. धोरणाच्या क्षेत्रात ‘किती’ सांगणारा आणि ‘कसे’ सांगणारा वेगवेगळा असतो. तेव्हा एखादा तज्ज्ञ योजनेवर बोलत असेल तर तो यांपैकी कोणते सांगतो आहे ते पाहा, आणि मग त्याच्या परिचयात त्या कामाची खूण आहे का ते तपासा. मोजणी करणाऱ्याने अंमलबजावणीबद्दल छातीठोक बोलावे, किंवा निवृत्त सचिवाने गरिबीचे प्रमाण तोंडी सांगावे, तिथे सावध व्हावे.

वेगवेगळ्या प्रश्नांना वेगवेगळी पार्श्वभूमी लागते, हा विचार माझ्या पदरचा नाही. आपल्या कायद्यातच तो आहे. केंद्राने गोळा केलेल्या करांतला वाटा राज्यांना कसा द्यायचा, हे वित्त आयोग सुचवतो. त्यासाठीच्या १९५१ च्या कायद्याने अध्यक्षाला सार्वजनिक कामाचा अनुभव मागितला आहे आणि चार सदस्यांसाठी चार पार्श्वभूमी सांगितल्या आहेत: उच्च न्यायालयाचा न्यायाधीश असलेला, राहिलेला किंवा होण्यास पात्र, सरकारी वित्त आणि हिशेब जाणणारा, वित्तीय व्यवहार आणि प्रशासनाचा व्यापक अनुभव असलेला, आणि अर्थशास्त्राचा विशेष जाणकार. म्हणजे अर्थशास्त्रज्ञ चौघांतला एक. कामावर विपरीत परिणाम होईल असा आर्थिक किंवा इतर हितसंबंध त्या व्यक्तीचा नाही, याची खात्रीही नेमणुकीआधी करून घ्यायची असते. तेराव्या वित्त आयोगाचे अध्यक्ष विजय केळकर यांचा परिचय या दृष्टीने वाचण्यासारखा आहे: पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातले इंजिनियर, मग बर्कलीची अर्थशास्त्रातली पीएच.डी., पेट्रोलियम सचिव, वित्त सचिव. वस्तू आणि सेवा कराबद्दल त्यांचे म्हणणे ऐकताना हा माणूस करांच्या रचनेत आणि मंत्रालयाच्या फायलींत दोन्हीकडे वावरला आहे, हे लक्षात ठेवले तर त्यांच्या युक्तिवादाचा कोणता भाग अनुभवातून येतो ते ओळखता येते.

एकाच खोलीत वेगवेगळ्या पार्श्वभूमीची माणसे कशी वेगळी दिसतात, ते वाचायला मिळण्याची सोय आता सर्वांना आहे. २०१६ पासून व्याजदर ठरवण्याचे काम सहा जणांची पतधोरण समिती करते. तिघे रिझर्व्ह बँकेचे, तिघे बाहेरचे. बैठकीनंतर चौदाव्या दिवशी इतिवृत्त प्रसिद्ध होते आणि त्यात प्रत्येक सदस्याचे स्वतंत्र निवेदन असते. जून २०२४ ची बैठक पाहा. समोरची आकडेवारी सर्वांना सारखीच. चौघांनी रेपो दर साडेसहा टक्क्यांवर ठेवण्याच्या बाजूने मत दिले. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतल्या आशिमा गोयल आणि अहमदाबादच्या आयआयएममध्ये वित्त शिकवणारे जयंत वर्मा यांनी पाव टक्का कपात मागितली. महागाईच्या अंदाजाच्या तुलनेत दर गरजेपेक्षा चढा आहे, असा त्यांचा मुद्दा होता. तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास मूळचे इतिहासाचे विद्यार्थी आणि सनदी अधिकारी. ‘इतिहासवाल्याला व्याजदरातले काय कळते’ असा शेरा त्यांच्याबाबत सहज मारला जाई. तो अन्यायाचा होता, कारण त्यांच्या परिचयातला निर्णायक भाग पदवी नसून अर्थ मंत्रालयातली वर्षे हा होता. पण उलट बाजूही आहे. ज्याच्यावर चलन, बँका आणि बाजार या सगळ्यांची जबाबदारी आहे तो सावध राहणार, आणि जो बाहेरून येऊन चार वर्षांनी परत जाणार आहे तो मोकळेपणाने भिन्न मत नोंदवणार. इतिवृत्त वाचताना हे मनात ठेवले तर दोघांच्याही भूमिकेला योग्य वजन देता येते.

पैशाचा प्रश्न मात्र थेट विचारला पाहिजे. अमेरिकेत २००८ च्या पडझडीनंतर हा विषय ऐरणीवर आला. ‘इनसाइड जॉब’ या २०१० च्या माहितीपटाने एक उदाहरण लोकांपुढे ठेवले: कोलंबिया विद्यापीठातल्या एका नामवंत प्राध्यापकाने २००६ मध्ये आइसलंडच्या वित्तव्यवस्थेच्या स्थैर्याबद्दल अनुकूल अहवाल सहलेखक म्हणून लिहिला होता, त्यासाठी तिथल्या व्यापारी मंडळाने १,२४,००० डॉलर दिले होते, आणि दोनच वर्षांत त्या देशाच्या मोठ्या बँका कोसळल्या. पुढे २०१२ मध्ये अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने नियम केला की तिच्या नियतकालिकांत लिहिणाऱ्याने विषयाशी संबंधित पक्षाकडून तीन वर्षांत १०,००० डॉलर किंवा अधिक मिळाले असतील तर ते जाहीर करावे. आपल्याकडे सेबीच्या २०१४ च्या नियमांनुसार शेअर सुचवणाऱ्या विश्लेषकाला त्या कंपनीतले आपले हितसंबंध सांगावे लागतात. पण ‘साखरेची निर्यात खुली करा’ किंवा ‘इथेनॉलचे दर वाढवा’ असे धोरण सुचवणाऱ्याला असे बंधन नाही. तो एखाद्या कारखान्याचा संचालक असेल, आयातदारांच्या संघटनेचा सल्लागार असेल, किंवा देणगीवर चालणाऱ्या संस्थेचा पगारी अभ्यासक असेल. वाचकाला ते शोधावे लागते. परिचयातले ‘सल्लागार’ आणि ‘मानद’ हे शब्द म्हणूनच नीट वाचावेत. सल्लागार कोणाचा? कधीपासून कधीपर्यंत? मानधनावर की पगारावर?

इथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो वजनदार आहे. मुद्दा सोडून माणसाची चौकशी करणे हा तर्कदोष आहे. युक्तिवाद खरा असेल तर तो कोणाच्या तोंडून आला याला महत्त्व काय? या आक्षेपाच्या बाजूने सर्वांत बोलके उदाहरण अर्थशास्त्राच्या नामवंत प्राध्यापकांचेच आहे. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांनी २०१० मध्ये मांडले की सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपुढे गेले की वाढ मंदावते. त्यांच्या हिशेबाने अशा देशांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का होती. अनेक देशांतल्या काटकसरीच्या धोरणांच्या समर्थनार्थ हा निष्कर्ष वापरला गेला. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या पदव्युत्तर विद्यार्थ्याने मूळ एक्सेल पत्रक मागवले. सरासरी काढताना ३० ते ४९ या ओळी घ्यायला हव्या होत्या. सूत्रात ४४ पर्यंतच घेतल्या गेल्या होत्या, आणि ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा व डेन्मार्क हे पाच देश गळले होते. शिवाय काही वर्षांची आकडेवारी वगळलेली होती आणि देशांना वजन देण्याची पद्धतही वादाची होती. त्याने आणि त्याच्या प्राध्यापकांनी केलेल्या दुरुस्तीनंतर सरासरी अधिक २.२ टक्के आली. परिचय पाहून निकाल द्यायचा असता तर तो त्या विद्यार्थ्याच्या विरुद्ध गेला असता.

मला हा आक्षेप मान्य आहे, आणि त्यामुळेच परिचयाला निकालाचे स्थान देऊ नये असे मी सुरुवातीलाच म्हटले. पण हर्नडनजवळ पत्रक होते, ते तपासण्याचे शिक्षण होते आणि वेळ होता. सकाळी आठ वाजता वर्तमानपत्र वाचणाऱ्याकडे यांतले काही नसते. त्याला आज कोणाचे तरी म्हणणे तात्पुरते धरून चालायचे असते. अशा वेळी परिचय हा रोगनिदानाआधी डॉक्टर विचारतो त्या पूर्वेतिहासासारखा आहे: त्यावरून कोणती तपासणी आधी करायची ते ठरते. तज्ज्ञ बँकेत काम करतो असे कळले म्हणून त्याचे मत फेटाळायचे नाही. त्याच्या मतामुळे बँकेचा फायदा होत असेल तर त्याच विषयावर बँकेशी संबंध नसलेल्या एखाद्याचे म्हणणे शोधायचे, एवढेच करायचे. संशोधक फिलिप टेटलॉक यांनी २८४ तज्ज्ञांच्या भाकितांचा सुमारे वीस वर्षे मागोवा घेऊन २००५ मध्ये जे मांडले, त्यात प्रसिद्धीमाध्यमांत सतत दिसणाऱ्यांची भाकिते इतरांहून सरस ठरली नव्हती. उलट एकाच मोठ्या सूत्रातून जग समजावणारे अधिक चुकले होते. वाहिनीवर किती वेळा बोलावले जाते, ही परिचयातली पात्रता धरू नये.

दुसरा आक्षेप खेड्यापाड्यांतून अधिक ऐकू येतो: वातानुकूलित खोलीत बसणाऱ्यांचे ऐकूच नका, ज्याचे हात मातीत आहेत त्यालाच कळते. शेतमालाच्या भावाच्या वादात हा आक्षेप तपासून पाहता येतो. हमीभाव सुचवणाऱ्या कृषी मूल्य आयोगाच्या रचनेतच शेतकऱ्यांच्या दोन बिगरसरकारी प्रतिनिधींची तरतूद आहे, म्हणजे मातीतला अनुभव हवा हे सरकारनेही मानले आहे. पण वाद कशावर आहे? बी, खत, मजुरी, डिझेल असा रोखीचा खर्च आणि घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत मिळून एक उत्पादनखर्च होतो. त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरचे व्याज धरले की दुसरा, मोठा खर्च होतो, ज्याला सी-टू म्हणतात. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात दीडपट भावाची घोषणा झाली ती पहिल्या खर्चावर. शेतकरी संघटनांची मागणी होती दुसऱ्यावर. सरकारी अर्थतज्ज्ञ ‘दिला’ म्हणतो, संघटनेचा नेता ‘दिला नाही’ म्हणतो, आणि आपापल्या व्याख्येत दोघेही खरे असतात. मातीत हात असल्याने व्याख्या आपोआप कळत नाही, आणि पीएच.डी. असल्याने खंडाची झळ कळत नाही.

शरद जोशींच्या परिचयाकडे पाहावे ते यासाठी. सिडनहॅममध्ये वाणिज्य शिकलेले, टपाल सेवेतले अधिकारी, स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत नोकरी. १९७७ मध्ये परत येऊन चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती. मग कांद्याचे आंदोलन आणि शेतकरी संघटना. त्यांच्या मांडणीची ताकद तुकड्यातुकड्याने पाहिली तर कळणार नाही. आकडे हाताळण्याची सवय आणि स्वतःच्या शेताचा जमाखर्च या दोन्ही गोष्टी एका माणसात आल्या होत्या. आणि तरीही ‘शेतकरी नेता’ एवढ्यावरून त्यांचे मत ओळखता आले नसते: खुल्या बाजाराचा आणि नव्या बियाण्यांच्या तंत्रज्ञानाचा त्यांनी पुरस्कार केला, तर इतर अनेक शेतकरी नेते त्याच्या कडाडून विरोधात होते. पार्श्वभूमी सारखी असूनही मते वेगळी पडतात, तेव्हा खरा अभ्यास तिथेच असतो; ती दोन्ही मते शेजारी ठेवून वाचावीत.

वकिलांच्या बाबतीतही हेच. नानी पालखीवालांचे अर्थसंकल्पावरचे भाषण ऐकायला मुंबईचे ब्रेबॉर्न स्टेडियम भरत असे. प्राप्तिकर कायद्यावरचा त्यांचा अधिकार वादातीत होता. वित्त विधेयकातल्या एखाद्या कलमाने करदात्याचे काय होईल ते त्यांच्याइतके कोणी सांगू शकत नसे. १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता, त्या काळात या टीकेची देशाला गरज होती. ते टाटा समूहातल्या कंपन्यांच्या संचालक मंडळांवरही होते, ही माहिती त्यांच्या मुद्द्याला कमीपणा आणत नाही. मात्र जो कर भरतो त्याच्या बाजूने अर्थसंकल्प कसा दिसतो ते ती सांगते, आणि रेशनच्या रांगेतून तो कसा दिसतो हे ऐकायला दुसरीकडे जावे लागेल याची आठवण देते.

आता करायचे काय, ते थोडक्यात. परिचय हाती आला की त्यातली विशेषणे सोडून द्या आणि क्रियापदे शोधा: शिकवले, मोजले, सही केली, नेमले, चालवले, कमावले. वर्षे पाहा, वीस वर्षांपूर्वीच्या पदावरून आजच्या बँकांबद्दल बोलले जात असेल तर मधल्या काळात काय केले ते शोधा. प्रबंधाचा विषय कळत नसेल तर भारतातल्या विद्यापीठांचे असंख्य प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर विनामूल्य वाचायला मिळतात. विषय दुग्धव्यवसायाचा आणि मत विनिमय दरावर, असे दिसले तर ते मत एका सुजाण नागरिकाचे म्हणून ऐका. समितीचा सदस्य असेल तर अहवाल काढून त्याने भिन्न मत नोंदवले होते का ते बघा. मोबाइलवर अर्ध्या तासात हे होते. परिचयच दिलेला नसेल तर तो मागा. व्याख्यानमालेचे संयोजक आणि संपादक यांना पत्र लिहून सांगा की वक्त्याच्या नावाखाली ‘ज्येष्ठ अर्थतज्ज्ञ’ एवढ्याऐवजी तो सध्या कोणाकडे काम करतो, आधी काय करत होता आणि आजच्या विषयात त्याचा काही आर्थिक संबंध आहे का, या तीन गोष्टी छापा. दोन ओळींची जागा त्याला पुरते.